तरंगवाडीचं पहिलं 'नको'

सार्वमताचा निकाल लागला तेव्हा सगळ्यात मोठा धक्का बसला तो तरंगवाडीकरांनाच. 'सागरसंघात कायमचं सामील व्हायचं का?' या प्रश्नाला दर चार जणांतल्या तिघांनी 'नको' असं उत्तर दिलं होतं. निकाल ऐकून चौघेही एकमेकांकडे संशयाने बघू लागले.

"आता परत कधी इचारतले?" जेटीवरच्या चहाच्या टपरीत बाबू मेस्त्रींनी विचारलं. बाबू मेस्त्री हे वाडीतले सर्वांत जुने रहिवासी. वाडी पाण्यात ढकलली त्या दिवशीचा नारळ त्यांनी फोडला होता, आणि तेव्हापासून वाडीच्या प्रत्येक गोष्टीत आपल्याला विचारलं जावं अशी त्यांची माफक अपेक्षा होती.

"परत नाही विचारत, मेस्त्रीनू. हाच निकाल," टपरीवाला म्हणाला.

"म्हंजे? एकदाच इचारून गेले?" मेस्त्रींची बशी तोंडाशी जाताजाता थांबली. "असां कसां? पयल्या फटक्यात होय म्हणूक बरां दिसता?"

टपरीतल्या एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. दुर्दैव इतकंच, की सागरसंघाचं कार्यालय त्या टपरीत नव्हतं.

तरंगवाडी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. मालवणच्या आसपासच्या किनाऱ्यावरची काही गावं समुद्राने सावकाश, कसलीही घाई न करता पोटात घेतली. तेव्हा तिथल्या माणसांनी विचार केला, की समुद्र आपल्याकडे राहायला येतोच आहे, तर आपणच त्याच्याकडे जाऊ. पोकळ काँक्रीटचे तराफे एकमेकांना पुलांनी जोडले, खाली साखळ्यांनी नांगरले, तराफ्यांच्या पोटाशी कालवांची शेती लावली. वर घरं, कुंड्यांतले माड, एक देऊळ, आणि देवळाच्या वर्गणीवरून दोन तट. गाव पूर्ण झालं.

अशा तरंगत्या वसाहती तोवर जगभर झाल्या होत्या. जमिनीवरच्या देशांना त्यांचं काय करावं ते कळेना, म्हणून या वसाहतींनीच मिळून आपला सागरसंघ काढला. जमिनीवर शेजारी नशिबाने मिळतो. पाण्यावर तो निवडता येतो, एवढीच त्यामागची कल्पना. दहा वर्षांचा तात्पुरता करार झाला. कोणीही कुठल्याही वसाहतीत जाऊन राहावं, काम करावं; वादळ आलं की एकमेकांच्या आडोशाला यावं. कराराची मुदत संपत आली म्हणून हे सार्वमत. 'हो' आलं असतं तर करार कायम झाला असता. 'नको' आलं, तेव्हा बाहेरून आलेल्यांनी पुढच्या संघनौकेने आपापल्या वसाहतीत परत जायचं होतं.

आता कुणी म्हणेल, लोकांनी चुकीचं बटण दाबलं असेल. तर बटण नव्हतंच. होती ती कौलपट्टी.

ही पट्टी नॉर्डवीक नावाच्या उत्तरेकडच्या तरंगत्या वसाहतीत तयार झाली. तिथल्या शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की माणसाचं मत तोंडात येईपर्यंत फार गर्दीतून येतं. बायको काय म्हणेल, पुढाऱ्याने काय दिलं, शेजारी काय करतोय, या सगळ्यांना धक्के देत ते बाहेर पडतं. पण त्याच्या निमिषभर आधी शरीराने उत्तर देऊन टाकलेलं असतं. हवीशी गोष्ट समोर आली की शरीर किंचित पुढे होतं आणि नकोशी आली की किंचित मागे सरतं. डोळ्यांना हे दिसत नाही. पण मनगटातले स्नायुबंध तेवढ्यात ताणले किंवा सैलावले जातात, बारीक रक्तवाहिन्या आवळतात किंवा फुलतात, त्वचेवरचा ओलावा बदलतो. मनगटावरची पट्टी हे सगळं टिपते. काही महिने वापरली की ती त्या माणसाचं 'हो' आणि 'नको' शिकते, आणि ते शिकलेलं संघाच्या सगळ्या पट्ट्यांना कळतं. मग सार्वमताच्या दिवशी सगळ्यांच्या पट्ट्यांतून एकदाच प्रश्न ऐकू येतो, आणि कोणी काही बोलायच्या आत मतदान संपलेलं असतं. धाक, लाच, दिखावा, सगळ्याला सुट्टी.

पट्टी उत्तम होती. तिने नॉर्डवीकमध्ये दोन मोठे खोटारडे पकडले होते, पैकी एक तिचा संशोधकच होता.

तरंगवाडीत पट्ट्या शिकवायला आलेल्या तंत्रज्ञांनी प्रत्येकाला बरेच साधे प्रश्न विचारले. "चहा हवा?" हा त्यातला पहिला. पट्टीत तांबडा दिवा लागला, की तंत्रज्ञ समाधानाने मान हलवून पुढच्या घरी. त्यांच्या अहवालात एक वाक्य होतं: या वसाहतीत चहा पीत नाहीत.

गंमत अशी, की पट्टी चुकत नव्हती. आपलं पहिलं 'नको' खोटं नसतंच. समोरच्याला आपल्यासाठी उठावं लागेल, आधण ठेवावं लागेल, या कल्पनेने आपण खरोखर मागे सरतो. दुसऱ्यांदा विचारलं की जागच्या जागी येतो. तिसऱ्यांदा "असं कसं, घोटभर तरी" म्हटलं की मग शरीर खरोखर पुढे होतं. तिन्ही उत्तरं खरीच. नॉर्डवीकच्या शास्त्रज्ञांनी त्यातलं पहिलंच विचारलं आणि ते घेऊन निघून गेले.

हे सगळ्या संघात एकाच बाईच्या लक्षात आलं. तिचं नाव आयनो.

आयनो मूळची नॉर्डवीकचीच. नांगरांची इंजिनियर. कुठल्या साखळीवर किती ताण पडल्यावर ती खरं बोलते, हे तिला नुसत्या आवाजावरून कळत असे. सहा वर्षांपूर्वी ती कराराखाली वाडीत आली, आणि तिला जयवंत तोरसकरच्या शेजारचं घर मिळालं. जयवंत कालवांच्या शेतीवरचा मुकादम. पन्नाशी उलटलेला, एकटा, आणि तोंडातून शब्द काढताना कंजूष. पहिल्या दिवशी शेजारधर्म म्हणून त्याने दारातून विचारलं, "जेवणार का?"

"हो," आयनो म्हणाली आणि आत येऊन बसली.

जयवंतने आयुष्यात असला प्रकार पाहिला नव्हता. घरात एकट्यापुरतंच होतं. ते सगळं तिला वाढून "मी आत्ताच जेवलो" असं सांगत तो समोर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी आयनोने त्याला बोलावलं. "कॉफी?"

"नको नको."

आयनोने भांडं उचलून फळीवर ठेवलं आणि आपला कप घेऊन बसली. जयवंत बराच वेळ त्या भांड्याकडे बघत होता. शेवटी "बरं, येतो" म्हणून उठला. ही बाई माणूसघाणी आहे असं त्याने ठरवलं, आणि हा माणूस कॉफी पीत नाही असं तिने ठरवलं. दोघांचे हे गैरसमज दूर व्हायला वर्ष गेलं. नंतर मात्र रोजची संध्याकाळ एकत्र जाऊ लागली. वाडीतल्या प्रत्येकाला त्यांच्याबद्दल सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या दोघांना.

निकाल लागला त्या दुपारी आयनो तडक संघाच्या अधिकाऱ्याकडे गेली. त्याचं नाव हालवर. उंच, सज्जन, गळ्यापर्यंत बटणं लावणारा. कानातल्या दुभाषी यंत्रामुळे त्याला मराठी समजायची, म्हणजे शब्द समजायचे.

"पुन्हा विचारा," आयनो म्हणाली. "हे लोक पहिल्यांदा नको म्हणतातच."

"आयनो, लोकांचं उत्तर पटलं नाही म्हणून तेच पुन्हा विचारायचं? हा त्यांचा अपमान आहे."

"इथे पुन्हा न विचारणं हा अपमान असतो."

हालवर खरोखर न्यायी माणूस होता. त्याने विचार केला. "वाडीच्या प्रमुखांनी स्वतः इच्छा व्यक्त केली, तर मी फेरमतदान नियमात बसवीन. माझा शब्द."

आयनो धावत जाऊन सरपंच विभावरी चिंदरकरांना घेऊन आली. वाटेत तिने त्यांना सगळं समजावलं. सरपंचबाईंना ते आधीपासूनच मान्य होतं. त्यांची मुलगी कराराखाली दुसऱ्या वसाहतीत शिकत होती. फेरमतदान व्हावं म्हणून त्यांनी देवाला सांगून ठेवलं होतं.

हालवर उठून उभा राहिला. "सरपंच, सार्वमत पुन्हा घ्यावं अशी आपली इच्छा आहे का?"

"छे छे, नको हो," सरपंचबाई पदर सावरत म्हणाल्या. "तुम्ही एवढ्या लांबून आलात, परत सगळा खटाटोप. उगाच तुम्हाला त्रास."

हालवरने आयनोकडे बघितलं आणि फाईल मिटली.

बाहेर आल्यावर सरपंचबाई पुलावर थबकल्या. "काय माणूस आहे गं हा! एका शब्दाने आग्रह नाही."

आयनोने डोकं कठड्यावर टेकलं.

अशा रीतीने तरंगवाडी सागरसंघातून बाहेर पडली. बाहेर पडल्याबरोबर बाहेरच्या माणसांसाठी वाडीला स्वतःचा कायदा हवा झाला. असला कायदा पूर्वी कुणी केलेला नव्हता, म्हणून ग्रामसेवकाने संघाचाच कायदा उतरवून काढला आणि जिथे 'संघ' होतं तिथे 'वाडी' घातलं. नियम सोपा होता. ज्याला इथे राहायचं असेल, त्याला सगळ्यांसमोर, पट्टी बांधून, एकदाच विचारायचं: इथे राहायचं आहे का? दिवा हिरवा लागला तर राहा, तांबडा लागला तर नौकेत बसा.

बाकीची पाहुणे मंडळी परत जायलाच तयार होती. अर्ज एकट्या आयनोचा होता, आणि तिची कुणालाच काळजी नव्हती.

"आयनोबाईचा काय?" बाबू मेस्त्री म्हणाले. "ती इचारूच्या आधीच होय म्हणता."

काळजी होती ती फक्त जयवंतला, आणि ती वेगळीच होती. आयनोने त्याला आदल्या दिवशी, कालवांच्या टोपल्या वर घेताना विचारलं होतं, "तुला काय वाटतं? मी राहू?"

जयवंतला काय वाटत होतं ते त्याच्या घशापर्यंत आलं होतं. पण तिची बहीण तिकडे एकटी होती. तिकडे तिला मोठी नोकरी मिळाली असती. आपण 'राहा' म्हणायचं आणि तिने आपल्या भिडेपोटी अडकून पडायचं, हे त्याला बरं वाटेना. तो टोपलीकडे बघत म्हणाला, "आमच्यासाठी कशाला उगाच थांबता. तुमचं तिकडे घर आहे."

आयनोला वाडीची रीत पाठ होती. हे पहिलं 'नको' आहे, हे तिला कळत होतं. तरी त्या दिवशी तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

सुनावणीला सगळी वाडी लोटली. देवळासमोरचा तराफा गर्दीने हातभर खाली गेला. पट्टीवर अजून मालकी संघाची असल्यामुळे दिव्याची खातरजमा करायला हालवर हजर होता. त्याची नौका जेटीला भोंगा देत उभी होती. सरपंचबाईंनी आयनोच्या मनगटाला पट्टी बांधली, घसा साफ केला.

"आयनोबाई, तुम्हाला इथे राहायचं आहे का?"

दिवा तांबडा लागला.

कोणीतरी म्हणालं, "पट्टी बिघडली." ग्रामसेवकाने पट्टी काढून स्वतःला बांधून पाहिली, त्याला कोणी तरी "वडा खाणार?" म्हणून विचारलं, तांबडा लागला. पट्टी चोख होती. ती पुन्हा आयनोच्या मनगटावर गेली.

आयनो आपल्या मनगटाकडे परक्या माणसाच्या मनगटाकडे बघावं तशी बघत होती. "मला राहायचं आहे," ती हळूच म्हणाली. "पण विचारलं तेव्हा मनात आलं, की आपली सगळ्यांना अडचण... घर अडवून बसायचं..." आयुष्यभर सरळ उत्तर देणारी ही बाई. तिच्याच शरीराने तिला न विचारता वाडीची रीत उचलली होती.

बाबू मेस्त्रींनी डोळे पुसले. "पोर आमचीच झाली गे," ते म्हणाले. पण मेस्त्रींच्या डोळ्यांना कायद्यात जागा नव्हती.

"नियमाप्रमाणे उत्तर स्पष्ट आहे," हालवर म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं, पण त्याने सगळी बटणं लावलेली होती. "सामान आणू द्या."

आयनो पट्टी सोडायला लागली आणि गर्दीतून जयवंत पुढे आला. म्हणजे तो स्वतः आला, की मागच्यांनी ढकलला, यावर वाडीत अजून दोन तट आहेत.

"असं कसं?" तो म्हणाला. "राहा ना."

दिवा तांबडाच. पण विझता विझता लुकलुकला.

"नको, जयवंत. माझ्यामुळे तुलाही उगाच..."

"मला काय उगाच?" जयवंत एकदम ओरडला. त्याला ओरडताना कोणी ऐकलेलं नव्हतं. एक कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. "मला पाण्याची भीती वाटते!"

कालवांच्या शेतीचा मुकादम. वीस वर्षं समुद्राच्या छातीवर राहिलेला माणूस.

"वाटते, काय करू? लहानपणापासून वाटते. वारा सुटला, खाली साखळी कुरकुरली, की मी अंथरुणात उठून बसायचो. सकाळ होईपर्यंत तसाच. तू शेजारी राहायला आलीस तेव्हापासून मी झोपतो. तुला ऐकू आलं तर तू उठशील, हे मला माहीत असतं. म्हणून झोपतो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आता हसा सगळे. पण तू जाऊ नकोस. राहा."

कुणी हसलं नाही. आयनोच्या मनगटावर दिवा हिरवा झाला होता, आणि तिला तो दिसत नव्हता, कारण ती मनगटाकडे बघतच नव्हती.

हालवरने खाकरून सगळ्यांना भानावर आणलं. "मला आनंद आहे. पण कायद्यात 'एकदाच विचारावं' असं लिहिलेलं आहे. इथे तीनदा विचारलं गेलं."

आता सगळी वाडी सरपंचबाईंकडे बघू लागली. विभावरी चिंदरकरांनी कायद्याचा कागद मागवला, चष्मा लावला आणि आरामात वाचला.

"विचारलं एकदाच," त्या म्हणाल्या. "मी विचारलं. पुढचे दोन प्रश्न नव्हतेच. तो आग्रह होता. आग्रहाबद्दल कायद्यात काहीही लिहिलेलं नाही. ग्रामसेवक, बघा बरं कुठे लिहिलंय का?"

"नाही लिहिलेलं," ग्रामसेवक म्हणाला. त्याने तो कायदा स्वतः उतरवला होता, तरी कधी वाचला नव्हता.

हालवरने वहीत 'आग्रह' हा शब्द लिहून घेतला आणि कानातल्या दुभाष्याला त्याचा अर्थ विचारला. दुभाष्याने तीन निरनिराळे अर्थ सांगितले, शेवटी माफी मागितली. नौका गेली ती आयनोला न घेता.

पुढची हकिगत वर्तमानपत्रांत आलेली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. हालवरने प्रामाणिकपणे अहवाल दिला. संघाच्या शास्त्रज्ञांनी पट्ट्यांतली जुनी टिपणं पुन्हा तपासली, आणि अर्ध्याअधिक वसाहतींत पहिलं उत्तर एक नि तिसरं भलतंच असतं, असं निघालं. मग कायदा बदलला. यापुढे सार्वमताचा प्रश्न महिन्या-महिन्याच्या अंतराने तीनदा विचारायचा, आणि तिसरं उत्तर धरायचं. सगळ्या वसाहतींत सार्वमत नव्याने झालं. तरंगवाडीत तिसऱ्या खेपेला असं 'हो' आलं, की पट्ट्या गरम झाल्या. सरपंचबाईंची मुलगी शिक्षण पूर्ण करायला तिकडेच राहिली.

नॉर्डवीकमध्ये मात्र पहिल्यांदा 'हो' आलं, दुसऱ्यांदा 'हो, सांगितलं ना' असं आलं, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर सगळी वसाहत संतापली आणि तिने 'नाही' म्हटलं. कायद्याप्रमाणे नॉर्डवीक संघाबाहेर गेलं. ज्यांच्या पुढाकाराने संघ निघाला, ज्यांनी पट्टी काढली, कायदा लिहिला, त्यांना आता दुसऱ्याच्या वसाहतीत राहायचं तर अर्ज करावा लागतो. हालवरचा अर्ज तरंगवाडीत आला आहे. सरपंचबाई म्हणतात, बघू, त्याला शिकायला थोडा वेळ लागेल.

राहिलं ते सुनावणीच्या दिवशीचं. गर्दी पांगल्यावर जयवंत आणि आयनो पुलावरून घरी निघाले. ऊन उतरलं होतं. वाटेत प्रत्येक तराफ्यावरचं कोणी ना कोणी दारात येऊन उभं होतं आणि आपण दारात सहजच उभे आहोत असं दाखवत होतं. जयवंतने आपल्या भीतीबद्दल कोणी काही विचारेल म्हणून मान खाली घातली होती.

अर्ध्या पुलावर आयनो थांबली.

"जयवंत, आपण लग्न करू या का?"

"हो," जयवंत म्हणाला.

आयनो त्याच्याकडे बघतच राहिली. तिने इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना, आणि आवाज खाली आणला. "अरे, एवढी घाई? लोक काय म्हणतील? एकदा तरी नको म्हण."

जयवंतने विचार केला. तिचं म्हणणं रास्त होतं.

"नको," तो म्हणाला.

आयनोने समाधानाने मान हलवली, पदर नसूनही पदर सावरल्यासारखा हात केला, आणि दुसऱ्यांदा विचारण्यासाठी बरी जागा बघून पुलाच्या कठड्यावर बसली.